तोड्यांची चांदी

व्यंकट सोनाराची शेगडी पेटली होती. ओसरीवर पांढरं फडकं पसरलं होतं आणि त्यावर कस्तुराबाईची भातुकली मांडलेली होती. बोटाएवढी चूल, परात, पोळपाट-लाटणं, रवी, आणि सुपारीएवढं जातं. सगळं चांदीचं. जात्याचा खुंटा धरला की ते खरंच फिरायचं.

यातली चार भांडी तिच्या रुखवतात माहेरून आली होती. पुढं दर दिवाळीला भावाकडून लुगडं न घेता तिनं व्यंकटकडून एक नवा नग घडवून घेतला. मनासारखा उतरला नाही तर सरळ परत पाठवायची. येरमाळ्यातल्या बायका तिला हसायच्या. हसोत बापड्या.

आता सासूला, द्वारकाबाईंना, ती भांडी वितळवून त्या चांदीचे तोडे करायचे होते. कस्तुराबाईची कूस उजवली नव्हती, म्हणून तिच्या नवऱ्याचं, ज्ञानोबाचं, दुसरं लग्न ठरलं होतं. नव्या सुनेचे पाय सासरच्या चांदीनं सजवायचे होते.

"लेकराबिगर भातुकली कशाला गं?" द्वारकाबाई म्हणाल्या होत्या. "कोन खेळनार हाय?"

कस्तुराबाई रडली नाही. तिला संताप आला होता आणि तो ती गिळणार नव्हती.

"देते," ती म्हणाली. "पर म्या माझ्या हातानं मुशीत टाकीन. आन् जिच्या पायात जानार हाय, तिला माझ्या म्होरं बसवा."

तिला सवतीच्या डोळ्याला डोळा भिडवायचा होता.

मुलगी बार्शीकडची. घरात कुणी तिला पाहिलेलं नव्हतं. "थोराड हाय," एवढंच तिच्या मामानं, कोंडीरामनं, सांगितलं होतं. लग्न मात्र इकडं निजामाच्या हद्दीतच लावायचं, असा त्याचा हट्ट होता. का, ते कुणी विचारलं नाही.

तोड्यांचं माप द्यायला कोंडीराम तिला घेऊन छोट्या रेल्वेनं येडशीला उतरला आणि तिथून बैलगाडीनं आला. लुगड्याचं एक बोचकं ओसरी चढलं. व्यंकटनं मापासाठी तिच्या घोट्याभोवती दोरा गुंडाळला. मग तो त्या एवढ्याशा दोऱ्याकडं नुसता बघत राहिला.

डोक्यावरचा पदर घसरला. पोरीचा वरचा एक दात पडला होता आणि नवा अजून आला नव्हता. बार्शीकडं इंग्रजांच्या राज्यात एवढ्या लहान पोरीचं लग्न लावलं तर शिक्षा होती. कोंडीरामचा हट्ट आत्ता सगळ्यांना कळला. तो खांबाकडं तोंड करून उभा राहिला.

पोरीचं नाव प्रेमा. तिला कुणाचंच काही पडलेलं नव्हतं. ती फडक्याशी उकिडवी बसली. जातं फिरवलं, परातीत पीठ मळलं, भाकरी थापली, चुलीत फुंकर घातली. मग चांदीची ताटली दोन बोटांत धरून तिनं जवळच बसलेल्या माणसापुढं केली. तो ज्ञानोबा होता.

"घ्या काका. गरम हाय, फुकून खावा."

ज्ञानोबाची मान जी खाली गेली, ती वर आली नाही.

"कस्तुरा, टाक ती भांडी मुशीत," द्वारकाबाई म्हणाल्या. "निखारे वाया चाललेत."

कस्तुराबाई उठली. रांजणातून तांब्या भरून आणला आणि शेगडीवर उपडा केला. राख उडाली. व्यंकट मागं सरकला. ती शांतपणे प्रेमासमोर मांडी घालून बसली, नवऱ्यापुढची ताटली तिनं उचलली आणि नसलेल्या भाकरीचा घास मोडला.

"आत्याबाई," ती म्हणाली, "लेकराबिगर भातुकली कशाला, म्हनला व्हतात. लेकरू तर आलं. आता सून कुठाय, ती दावा."