अठ्ठ्याऐंशी दगड

शेवटचा प्रश्न उरला होता. अकोल्याच्या सभागृहात कमलाकांत सरांच्या पंच्याहत्तरीची प्रकट मुलाखत झकास रंगली होती. मुलाखत घेत होती त्यांची एके काळची विद्यार्थिनी पौर्णिमा, आता अमरावतीच्या एका कॉलेजात भूशास्त्राची विभागप्रमुख. तिचं नाव सरांनीच सुचवलं होतं. अंगावर शाल, हातात नारळ आणि शेजारी नाव कमावलेली शिष्या. म्हातारपणी माणसाला आणखी काय हवं असतं?

पौर्णिमाच्या मांडीवर एक जुनी वही होती. बावीस वर्षं तिनं ती जपली होती. तिच्यातलं एक पान तिनं नवऱ्याखेरीज कुणालाही दाखवलं नव्हतं. तो नवरा, श्याम, दुसऱ्या रांगेत मान खाली घालून बसला होता. सकाळी अमरावतीहून निघताना त्यानं शेवटचं सांगून पाहिलं होतं.

"त्याईले पाडशीन तं संग तू बी पडशीन."

तिनं राजीनाम्याचा कागद पर्समध्ये आहे ना, तेवढं चाचपून पाहिलं होतं.

बावीस वर्षांपूर्वी सरांच्या शोधमोहिमेत हिमाचलातल्या टेकड्यांवर, उघड्या पडलेल्या मातकट थरात तिला एक जबडा दिसला. शेपूट नसलेल्या फार जुन्या वानराचा, म्हणजे कपीचा. भातकुलीच्या शेतकऱ्याची ती पोर आनंदानं वेडी व्हायची तेवढी बाकी होती. सरांनी जबडा कापसात गुंडाळला आणि त्याच संध्याकाळी सगळ्यांसमोर जाहीर केलं की शोध त्यांच्या एकट्याच्या नावावर जाईल. तिनं विचारलं, "काहून सर?" सर हसले. असं 'काहून' आणि 'मले-तुले' करत परिषदेत उभी राहिलीस तर लोक हसतील, म्हणाले. मग तंबूतले सगळेच हसले. ते हसणं तिच्या कानातून कधी गेलंच नाही. तिला सूड हवा होता. दुसरं काही नको होतं.

जबड्याचं वय ठरवायला त्याच्या वरच्या आणि खालच्या थरांतले दगड लागत. ती हमाली मात्र तिच्याकडेच राहिली. पुढच्या आठ दिवसांत तिनं अठ्ठ्याऐंशी दगड काढले. प्रत्येकावर दोन बाण काढायचे असत. जमिनीत असताना वरची बाजू कोणती होती, हे एक बाण सांगे. उत्तर कुठे होती, ते दुसरा. पृथ्वीचं चुंबकत्व लाखो वर्षांत कितीदा तरी उलटंपालटं झालं आहे. थर जमताना ते कसं होतं, याची खूण दगडात राहते. बाणांच्या आधारानं ती खूण मोजायची आणि तिच्यावरून वय काढायचं.

सरांचा निबंध वर्षभरात छापून आला. वय पंच्याऐंशी लाख वर्षं; शेजारच्या टेकडीतल्या थरांचं आधीच छापलेलं वयही तेवढंच होतं. पुढे दुसऱ्या लोकांनी तेच थर नव्यानं मोजले, त्यांचंही उत्तर तेच आलं. सरांचं नाव पुस्तकांत गेलं. दगड तेवढे उरले नाहीत. अकोल्यात घर बांधताना ते पायाच्या भरावात टाकले, हे सर स्वतःच कौतुकानं सांगत.

निबंध वाचून पौर्णिमा दार लावून पोटभर हसली होती. मग ती वाट पाहत बसली. सरांना एकटं गाठण्यात तिला गोडी नव्हती. तिला भरलेलं सभागृह हवं होतं.

तिनं माईक जवळ घेतला आणि अगदी छापील मराठीत विचारलं, की त्या वयाची एवढी खात्री सरांना कशामुळे वाटली.

सर खुशीत आले. "बाणांमुळे. अठ्ठ्याऐंशीच्या अठ्ठ्याऐंशी दगड मी माझ्या हातानं मोजले. हिनं बाण इतके अचूक काढले होते की एकही दुरुस्त करावा लागला नाही. ते उलटे असते ना, तर सगळं उत्तरच उलटं आलं असतं."

"प्रत्येक दगड मोजला, सर?"

"प्रत्येक."

टाळ्या पडल्या. सरांनी कौतुकानं तिच्या पाठीवर हात ठेवला. श्यामनं डोळे मिटून घेतले.

पौर्णिमानं टाळ्या थांबू दिल्या. वहीतलं ते पान, त्या आठ दिवसांच्या नोंदींचं, उघडून सरांपुढे ठेवलं. बावीस वर्षं कुठल्याही व्यासपीठावर न वापरलेली बोली तिच्या तोंडी आपसूक आली.

"सर, ते सारे बाण म्या उलटे काढले होते."