सत्कारमूर्ती

विहिरीतल्या राक्षसाचं मुंडकं दैवशालानं कोयत्यानं छाटलं, पण त्याचं रक्त अंगावर उडालं आणि ती कायमची दिसेनाशी झाली. केदारखेड्यानं तरीही तिच्या सत्काराचा मंडप घातला. सरपंचांनी अंदाजानं तिला शाल पांघरली. हवेत बसलेली शाल बघून लोकांनी टाळ्या वाजवल्या. भाषणं लांबली, तसे लोक तिला विसरले. उशिरा आलेले चुलते, शाल रिकाम्या खुर्चीवर टाकलेली समजून, तिच्याच मांडीवर टेकले. “खुर्ची लईच गरम हाय,” म्हणत उठले. समोर बसलेली आईसुद्धा शालीकडेच बघून रडत होती. “ताई, शाल उलटी हाय,” टेबलावर मांडलेलं राक्षसाचं मुंडकं हळूच बोललं. दैवशाला दचकली. “मी दिसून राह्यले तुला?” “मंग? न्हाई दिसायला काय झालं?” भाषणं संपली की मुंडकं जाळायचं होतं. तिनं ते उचललं, निम्मी शाल त्याला पांघरली आणि मंडपाबाहेर निघाली. “जरा सावकाश,” ते म्हणालं, “मान दुखते.”