दहाच्या आकड्याशेजारी

तासकाटा नेमका त्या दोन अक्षरांवर येऊन बसला आणि सिदोनीने फोटोवाल्याच्या मनगटावर चापट मारली.

"हलव तो. माझं नाव झाकलं."

फोटोवाला रेतो, झुरिकचा. फ्रेंच बोलतो ते दाताखाली खडे आल्यासारखं. त्याने टेबलावरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग सिदोनीच्या मुलाकडे पाहिलं. युलिस आता कारखान्याचा मालक, पण आई आली की अजून टोपी काढून उभा राहायचा.

घड्याळाची काचेसारख्या पांढऱ्या मिन्याची तबकडी सिदोनीने भट्टीत भाजलेली. लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून ती हेच करत होती, आणि प्रत्येक तबकडीवर दहाच्या आकड्याला चिकटून मोहरीएवढी दोन अक्षरं काढत होती, आपल्या नावाची पहिली. ही तबकडी शेवटची. डोळे आता साथ देत नव्हते. फोटोच्या खोलीत ती आजवर फिरकली नव्हती. भट्टीवरच्या बायका वरच बसतात, आमच्या डोंगरात तशी रीतच आहे. आज ती उतरली ती बहिणीमुळे. रविवारी चर्चच्या पायरीवर लेआने चार बायकांच्या देखत विचारलं होतं, की घड्याळावर तुझं नाव असतं म्हणतेस, मग कारखान्याच्या एकाही छापील पुस्तकात दिसत कसं नाही, लाजतं का ते?

असतं, सिदोनी म्हणाली होती, पण बारीक अक्षर छापताना मरतं. तसं तिला ओगुस्तने सांगितलं होतं. ओगुस्त तिचा नवरा. तो जाऊन दोन वर्षं झाली.

रेतोने समजुतीने घेतलं. म्हणाला, मादाम, जगातलं कुठलंही घड्याळ फोटोला असंच बसवतात, दहा वाजून दहा मिनिटं. दोन्ही काटे हात पसरल्यासारखे वर जातात आणि मधोमध बाराच्या खाली कारखान्याचं नाव मोकळं राहतं. वोदे. किती छान दिसतंय बघा.

"मग आठ वीसवर ठेव. माझ्या आईच्या वेळी तसंच ठेवायचे."

"काटे खाली पडतात मादाम. घड्याळाचं तोंड सुतकी दिसतं. घरात कुणी मेल्यासारखं."

"मेलंय की," सिदोनी म्हणाली.

रेतोला हसावं की नाही कळेना. त्याने चावी ओढली आणि काटे उलटे फिरवायला लागला. तिने घड्याळ हातातून काढूनच घेतलं. काटे मागे फिरवतात का कुठं? आईने तुला जेवायला तरी सरळ शिकवलं का? आणि मग उभ्याउभ्याच तिने काटे पुढे फिरवत नेले, बारावरून, एकावरून, सगळा फेरा, सावकाश, दोन पुरुषांना ताटकळत ठेवून. आठ वीसला थांबली. दहाच्या आकड्याजवळची अक्षरं उघडी झाली.

"आता बघ तुझ्या भिंगातून."

रेतो कॅमेऱ्यावर वाकला आणि दोन्ही अक्षरं त्याने घडाघडा वाचली.

"छापताना मरतील ना?"

"का मरतील? केस पडला असता तरी दिसला असता."

सिदोनी टेबलापासून मागे सरली. युलिसला वाटलं, आई निवळली. म्हणून तो पुढे झाला, चावी फिरवून काटे पुन्हा दहा दहावर आणले आणि सरळ मनाने म्हणाला,

"आई, हे काही आजचं नाही गं. बाबा पहिल्यापासून सांगायचे, तिला दहापाशीच लिहू दे. तिचंही समाधान होतं आणि फोटोतही येत नाही." वर तो हेही म्हणाला, की घराण्याचं नाव तर दिसतंय ना, आणि तू पण वोदेच की.

तिने मुलाकडे पाहिलं. ओठ बापाचेच होते. मग ती वळली आणि जिना चढून गेली. एकेका पायरीचा आवाज खाली ऐकू आला.

दुपारी दोघं जेवायला बसले तर चुलीवर काही नव्हतं. बटाटे सोललेसुद्धा नव्हते. कच्चं सॉसेज फळीवर तसंच, दोरी बांधलेलं. त्या घरात असं बाळंतपणातही झालं नव्हतं. युलिसने पाव कापला, रेतोला चीज दिलं, आणि वर भट्टीचं दार उघडल्याचा आवाज आला तेव्हा दोघांनीही छताकडे पाहिलं. दार बंद झालं. बऱ्याच वेळाने पुन्हा उघडलं.

ती खाली आली ती चिमट्यात तबकडी धरून. गाल भट्टीने लाल झालेले, बोटाला काळा मिना. आज सकाळपर्यंत ती तबकडी कोरी होती, फक्त आकडे काढलेली. ताटलीत पाव होता तो तिने बाजूला सारला आणि तबकडी युलिसपुढे ठेवली.

बाराच्या खाली, जिथे कारखान्याचं नाव यायचं, तिथे ठसठशीत लिहिलं होतं, सिदोनी. अक्षर जरा वाकडं होतं, पण पुरतं भाजलेलं. आता ते नखाने निघणार नव्हतं, चाकूनेही नाही. युलिस भिंग शोधायला लागला. दहाच्या आकड्याला चिकटून मोहरीएवढं काहीतरी होतं. भिंग लावल्यावर ते वाचता आलं.

वोदे.

"ही बसव घड्याळात," सिदोनी म्हणाली. मग रेतोकडे वळली. "आणि तू म्हणतोस तेच बरोबर. काटे दहा दहावरच ठेव."