उभं इंजिन

बापूसाहेब रेल्वेत इंजिन ड्रायव्हर होते. निवृत्तीनंतर त्यांच्या मुलानं, शैलेंद्रनं, खऱ्यासारखा आवाज करणारी छोटी आगगाडी आणून दिली. धावताना तिचं इंजिन धडधडायचं, थांबलं की एकदम गप्प व्हायचं.

“उभं इंजिनही धडधडत असते रे. हे काहून मुकं होऊन राहिलं?”

“गाडी थांबवली की रुळातला करंट बंद होतो, बाबा. आत बॅटरी लागेल. पुढच्या वेळी बसवतो, पक्का.”

पुण्याहून जबलपूरला यायला त्याला दोन वर्षं लागली. आल्या आल्या त्यानं बॅटरी बसवली. गाडी थांबली, तरी इंजिन धडधडत राहिलं.

“राहू दे बेटा, नाही जमत तर,” बापूसाहेब म्हणाले.

शैलेंद्रनं आईकडे पाहिलं.

“वर्ष झालं, त्यांना ऐकू येत नाही,” ती म्हणाली. “फोनवर एकदा तरी ‘बाबांना दे’ म्हटलं असतंस, तर कळलं असतं.”