पायरीवरच्या चपला

शीलाचं कापडदुकान म्हणजे दारव्ह्यातल्या जुन्या घराची ओसरीच. पुढं शटर बसवलं, एवढंच. गिऱ्हाईक पायरीवर चपला काढून गादीवर बसायचं. बोंडअळीनं कापूस खाल्ला त्या वर्षी गिऱ्हाईक औषधालाही मिळेना.

चपला मात्र येत राहिल्या. रोज भरदुपारी, काळ्या मातीनं माखलेल्या, तोंडं आत वळवलेल्या. गादीवर कुणीच नसायचं.

आज तर पायरी भरून गेली. त्या ढिगात स्वतःची चप्पल सापडेना, तशी शीला अनवाणीच रस्त्यावर पळाली.

समोर तुळसाबाई कुरडया वाळत घालत होत्या. त्यांनी दुकानात नजर टाकली आणि हसल्या, "काहून वं शीला, उन्हात उभी? जाय ना अंदर. तुयासाठीच सरकून राह्यले सारे."