बादशाहाचा नववा पेला

काबूलचा नवा बादशाह परदेशात वाढलेला. चहा पुरे झाला की पेला पालथा घालायची रीत त्याला ठाऊक नव्हती. वजिराला घेऊन तो खेड्यातल्या म्हाताऱ्या माहपरीच्या घरी चहाला आला होता. पेला रिकामा झाला की ती भरायची. यजमानीण दुखावेल म्हणून तो संपवायचा. वरच्या गावच्या खानानं अडवलेला पाट सुटला नाही, तर तिची जर्दाळूंची बाग वाळणार होती. तिच्या विनवण्यांना त्याचं उत्तर एकच, "वजीर बघतील." नवव्या पेल्याला किटली आटली, घरात चिमूटभर पत्ती नव्हती. "आटपला वाटतं पाहुणचार?" वजिरानं चिमटा काढला. माहपरी बादशाहाला म्हणाली, "लेकरा, लाजू नकोस. दुसरी किटली चुलीवर आहे." बादशाहाला घाम फुटला. "आजी, पाट आजच सोडवतो, मला उठू द्या." रीत मात्र कुणीच सांगितली नाही. पुढं तीस वर्षं त्यानं राज्य केलं, पाट अडला की गाव निरोप धाडी, "चहाला या."