जवळचं माणूस

मोफत दवाखान्यातल्या नर्सबाईंचा पारा चढलेला. तापाने फणफणलेल्या म्हाताऱ्या हमालाला मोठ्या इस्पितळात हलवायचं तर नियमाने सोबत घरचं माणूस हवं. केसपेपरवर ‘जवळचं माणूस’ या रकान्यात त्याने ‘सिस्टर’ लिहिलं होतं, पुढे नंबर. टेबलावरच्या फोनवरून बाईंनी तो पाचव्यांदा फिरवला. पाचव्यांदा एंगेज. “भाऊ इथे कण्हतोय आणि बहीणबाईंच्या गप्पा संपत नाहीत,” त्या कडाडल्या. “बहीण आहे की वैरीण?” म्हाताऱ्याने ओशाळून मान खाली घातली. शेजारच्या टेबलावरचा कारकून म्हणाला, “बाई, नंबर वाचा बरं.” त्यांनी दातओठ खात एकेक आकडा वाचला. कारकुनाने फोन उलटा केला. खाली चिकटवलेल्या चिठ्ठीवर तोच नंबर होता, दवाखान्याचा. “सिस्टर, तुम्हीच म्हणाला होतात, काही वाटलं तर फोन करा,” म्हातारा पुटपुटला. “बाबा, आधी बोलायला काय झालं होतं?” खेकसत बाईंनी पायांत चप्पल सरकवली.